सात ते आठ फक्त इंग्लिश

१ जानेवारी १९८९, रविवार
संकल्प. पाडव्याला ठाकुर्लीत स्वतःचा क्लास काढायचा. विषय: सारखे वाटणारे इंग्लिश शब्द आणि त्यांतले फरक. 'सी' वेगळं, 'लुक' वेगळं, 'वॉच' त्याहून वेगळं. ऑफिसात साहेबांनाही हे ठाऊक नाही. समजावायला गेलो, तर म्हणाले, आधी व्हाउचर आणा.

आजपासून घरात संध्याकाळी सात ते आठ फक्त इंग्लिश. मंजुळा सातवी शिकलेली. पण बायकोला फाडफाड बोलती करून दाखवली की क्लासला वेगळी जाहिरात नको. मुलगी शालू कॉलेजात आहे, तिची चिंता नाही.

३ जानेवारी
प्रगती उत्तम. तासाभरात कुणाची एकही चूक नाही. कुणी बोललंही नाही, ते सोडा.

७ जानेवारी
मंजुळा बोलली! कुशीवर हात दाबून म्हणाली, 'सिक.' धन्य वाटलं. लगेच 'सिक' आणि 'इल' यांतला फरक सांगितला. मळमळतंय की आजारी आहेस, नेमकं ठरव म्हटलं. न ठरवताच स्वयंपाकघरात गेली. बाकीचं आठनंतर सांग म्हणालो. आठनंतर मी नोट्स काढतो आणि तेव्हा मला हाक मारलेली चालत नाही, हे तिला माहीत आहे. बहुतेक ॲसिडिटी.

१४ जानेवारी, संक्रांत
शेजारच्या रखमाबाई तिळगूळ घेऊन आल्या. वाजले होते सव्वासात. त्यांनाही नियम सांगितला. त्यांनी तिळगूळ उंबऱ्यावर ठेवला आणि मंजुळाला आपल्याकडे घेऊन गेल्या. गोड बोला म्हणायचं राहूनच गेलं.

१८ जानेवारी
मंजुळा आता रोज सातच्या ठोक्याला रखमाबाईंकडे पळते. पाठोपाठ शालू. मी एकटा इंग्लिश बोलत बसतो. जाण्याचं कारण शालूला विचारलं. ती म्हणाली, रीझन विचारताय की एक्स्क्यूज? पोरीत माझं रक्त आहे.

२२ जानेवारी
मंजुळा दोन घास खाऊन उठते. गाल बसलेत. 'थिन' म्हणजे बारीक, 'स्लिम' हे कौतुक. म्हणून 'स्लिम' म्हटलं. हसली नाही. मला काळजी वाटते. उद्या तिला डॉक्टरांकडे नेईन.

२३ जानेवारी
पेंटर क्लासचा बोर्ड घेऊन आला. अक्षर झकास. डॉक्टर उद्या.

२७ जानेवारी
ऑफिसातून आलो तर घराला कुलूप. मंजुळा दुपारी मोरीत कोसळली. रखमाबाई आणि शालूने रिक्षात घालून डोंबिवलीला हॉस्पिटलात नेलं. पित्ताशयात खडे, वर सूज. उद्याच ऑपरेशन.

डॉक्टरांनी मला विचारलं, तेही मराठीत, कधीपासून दुखतंय? कळ येते, ठणकतं, की नुसतं जड वाटतं? नवरा म्हणून मी तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. शेवटी शालूने सांगितलं. दिवाळीपासून. आधी जेवल्यावर जड वाटायचं, मग कळ यायला लागली, ती पार खांद्यात जायची. परवापासून ठणकतंय.

हे सगळं रखमाबाईंकडे बोलून झालं होतं. भिंतीपलीकडे. मी तेव्हा घरातच असायचो. फार भीती वाटते आहे.

२९ जानेवारी, रविवार
ऑपरेशन नीट पार पडलं. बोर्ड माळ्यावर टाकला, उलटा करून.

संध्याकाळी साडेसातला भेटायला गेलो. मंजुळा रखमाबाईंशी हळू आवाजात बोलत होती. मी दिसलो तशी गप्प झाली. रखमाबाई उठून बाहेर गेल्या. मी स्टूल ओढून बसलो. वाटेत ठरवलं होतं, आज नीट विचारायचं, आणि ती सांगेल तेवढं सगळं ऐकायचं. कसं वाटतंय गं, म्हणून विचारलं.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

मग म्हणाली, 'फाइन.'

उच्चार बरोबर होता. आठ वाजेपर्यंत तसाच बसून राहिलो. आठला भेटायची वेळ संपली.