पट्टी सैल नव्हती

माझं नाव आणि पत्ता सहीखाली आहेत. वय एकोणऐंशी. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला शेवटी जोडला आहे. कुणी भरीस घातलं किंवा धाक दाखवला म्हणून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वी एक केलं होतं. त्यात एक गोष्ट लपवली होती, म्हणून ते रद्द समजावं.

१. राहतं घर, त्यातलं सामान आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावी. तिने इथे राहायलाच हवं असं नाही. घर विकलं तरी माझी हरकत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी वर उचलून मगच ओढावी लागते, एवढं घेणाऱ्याला सांगावं.

२. मागच्या खोलीतले जुने माइक, एकूण त्रेसष्ट, हत्यारांसकट अंधशाळेला द्यावेत. तिथे मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. मी रेडिओ केंद्रात तीस वर्षं मेकॅनिक होतो. केंद्राने एक माइक मोडीत काढला, तो मी पिशवीत घालून घरी आणला आणि तिथून हे वेड लागलं. यातले बरेचसे पट्टीचे आहेत. म्हणजे आत चुंबकाच्या मधोमध ॲल्युमिनियमची केसाहून पातळ पट्टी टांगलेली असते, ती आवाजाने थरथरते. अशी पट्टी कापून, दोन दातेरी चाकांतून तिला चुण्या पाडून, चिमट्याने जागेवर बसवायला शिकण्यात माझी दोन वर्षं गेली. बसवताना श्वास रोखून धरावा लागतो. दार उघडलं तरी वाऱ्याने काम बिघडतं, म्हणून मी त्या खोलीला आतून कडी लावून घेतली होती.

३. माझे मेहुणे घरी आले की माइकवर फुंकर मारून ‘हॅलो, हॅलो’ करतात. तीन पट्ट्या त्यांनी अशा फाडल्या. वर संग्रहाला भंगार म्हणतात, ते वेगळंच. त्यांना माझी मोठी शिडी द्यावी. बारा वर्षांपूर्वी ती ते घेऊन गेलेच आहेत, त्यामुळे कुणाला उचलायचे कष्ट पडणार नाहीत. माइकला मात्र हात लावू देऊ नये.

४. कामाची निळ्या पुठ्ठ्याची वही मुलीला द्यावी. ती उघडण्याआधी तिने हे वाचावं.

तुझी आई बालवाडीत शिकवायची, हे तुला सांगायला नको. माइक दुरुस्त झाला की मी तिला हाक मारायचो. ती ओले हात पदराला पुसत यायची, स्टुलावर बसायची.

“काय बोलू?”

“काहीही बोल.”

मग ती वर्गातल्या पोरांचं सांगायची, तू परगावी एकटी राहतेस त्याची काळजी सांगायची. मी समोर हेडफोन लावून बसलेला. मी आवाज ऐकत होतो, बोलणं ऐकत नव्हतो. काम झालं की मी तिच्या बोलण्याची टेप पुसायचो आणि पुढच्या खेपेला तीच वापरायचो.

त्या वर्षी एका माइकमधून तिचा आवाज घोगरा यायला लागला. वहीत माझ्या अक्षरात आहे: ‘आवाजात खरखर. पट्टी सैल?’ मी पट्टी बदलली. खरखर तशीच. ताण वाढवला, चुंबक साफ केलं, पुन्हा पट्टी बदलली. असे चार महिने गेले. एकदा ती माइकसमोरच म्हणाली, “अहो, माइकचं राहू द्या. माझाच घसा बसलाय बरेच दिवस.”

मी म्हटलं, “हलू नकोस, मीटरचा काटा बघतोय.”

शेवटी ती एकटीच डॉक्टरांकडे गेली. त्याच दिवशी त्यांचा मला फोन आला, “घशाच्या तज्ज्ञाला दाखवा. याच आठवड्यात.” केंद्रातले जुने लोक माझा संग्रह बघायला येणार होते. त्यांचं आटोपलं की जाऊ, म्हटलं. ते आटोपायला पाच आठवडे लागले.

आई गेल्यावर तू दवाखान्यात जाऊन चारचौघांत डॉक्टरांना म्हणालीस, “तुम्ही वेळेवर ओळखलं असतं तर माझी आई वाचली असती.” मी तुझ्या शेजारी उभा होतो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तेव्हा ते म्हणाले, “चुकलं माझं.” त्याला एकोणीस वर्षं झाली. अजून तू त्यांचा दवाखाना टाळून लांबच्या रस्त्याने येतेस.

डॉक्टरांचं काहीही चुकलं नव्हतं. पट्टीही सैल नव्हती. हे तोंडावर सांगण्यासाठी मी तुला चार वेळा बोलावून घेतलं आणि चारही वेळा खिडकीच्या कडीचं बोलत बसलो.

५. आईचा आवाज सापडेल म्हणून टेपा धुंडाळू नकोस. सगळ्या ऐकून झाल्या आहेत. एकीवरही नाही.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वकिलांनी करावी. माझ्यामागे शोकसभा ठेवू नये.

दाखल्यासाठी गेलो तेव्हा डॉक्टरांनी कागद पहिल्यापासून वाचून काढले आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, “चौथं कलम काढून टाका.”

“का?”

“आई गेली, निदान बाप तरी राहू दे तिला, म्हणून मी गप्प बसलो होतो. आता जाता जाता तोही काढून घेणार तिच्याकडून?”

कलम ठेवलं आहे.

(सही, नाव व पत्ता)
मृत्युपत्र करणारा

आमच्यासमक्ष सही झाली:
(सही) शेजारचे शिंपी
(सही) रेडिओ केंद्रातल्या निवृत्त निवेदिका

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: नऊ मार्च, सोमवार

दाखला: मृत्युपत्र करणाऱ्यांना मी आज तपासलं. ते पूर्ण शुद्धीवर आहेत आणि आपण काय लिहिलं आहे ते त्यांना कळतं. चौथं कलम काढावं हा माझा सल्ला त्यांनी मानला नाही. मुलीला काही विचारायचं असेल तर माझा दवाखाना सकाळी दहा ते एक उघडा असतो.
(सही) डॉक्टर