विजेच्या उजेडातली आई

प्रिय मिचमिचे,

इतक्या वर्षांनी बाबाने पत्र लिहायला घेतलंय म्हटल्यावर तुझ्या पोटात गोळा आला असेल. तो आधी खाली ठेव. आम्ही दोघंही चालतेफिरते आहोत आणि रोज नेमाने भांडतोय. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तुझी आई शेजारी उभी राहून खुणा करते, आणि तू माझ्या नुसत्या खाकरण्यावरून काय ते ओळखतेस. त्यापेक्षा कागद बरा, तो मधेच प्रश्न विचारत नाही. अक्षर जाड दिसेल, ओळी उतरणीला लागलेल्या दिसतील, तिकडे जरा काणाडोळा कर.

तुझं लग्न तोंडावर आलंय आणि तू म्हणे तिकडच्या सगळ्यांना बजावून ठेवलंयस की फोटोग्राफर बघायचा नाही, फोटो माझे बाबाच काढणार. आईने हे सांगितलं तेव्हा माझी कॉलर ताठ झाली. लहान असताना स्टुडिओतल्या फिरत्या स्टुलावर बसून तू माझ्याकडून तसं वचनच घेतलं होतंस. इथल्या अर्ध्या लोकांच्या लग्नाचे अल्बम माझ्या हातचे, मग पोटच्या पोरीच्या लग्नाचं वचन द्यायला मला काय जड जाणार होतं? त्या वचनाबद्दलच बोलायचंय. पण एका झटक्यात मुद्द्यावर येणं तुझ्या बाबाला कधी जमलंय? आधी विजेचं सांगतो.

तुझा बाबा हल्ली विजेचे फोटो काढतो. हस खुशाल, सगळेच हसतात. तू तर जास्तच हसशील, कारण ढगांचा पहिला गडगडाट झाला की तू तडक डार्करूममध्ये पळायचीस. घरात तेवढ्या एकाच खोलीला खिडकी नव्हती. मी लाल दिव्याखाली कुणाचा तरी साखरपुडा धुवत असायचो आणि तू माझ्या पायाला बिलगून विचारायचीस, गेली का, गेली का. साधा फ्लॅशसुद्धा तुला सोसायचा नाही. तुझ्या लहानपणच्या एकूण एक फोटोत डोळे मिटलेले आहेत, म्हणून तर तू मिचमिची. डोळे उघडे असलेला तुझा एक फोटो मिळावा म्हणून मी फ्लॅश बंद करून, खिडकीच्या उजेडात, तू स्वतःहून वर बघेपर्यंत थांबायला शिकलो. माणसांचे फोटो काढण्यातली सगळी गोम त्या थांबण्यातच आहे. चेहरा आतून उघडतो, तो नेमका कधी उघडला हे दिसावं लागतं. बाकी सगळं हल्ली कॅमेरा स्वतःच करतो.

विजेचं मात्र उलटं आहे. तिच्यासाठी बटण वेळेवर दाबायचंच नसतं, कारण ती दिसली म्हणजे ती होऊन गेली. कॅमेरा स्टँडवर पक्का लावायचा, लेन्सवरची फोकसची कडी दूरच्या टोकापर्यंत फिरवायची, हलू नये म्हणून तिला चिकटपट्टी मारायची, आणि आभाळ अंधारलं की शटर उघडं टाकून निवांत उभं राहायचं. एक चमकून गेली की लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरायचा, पुन्हा कडाडायची चिन्हं दिसली की बाजूला करायचा. नजर लागतच नाही. कान लागतात आणि चिकाटी लागते. ढग जवळ आला की आधी खिडकीची तावदानं थरथरतात, मग पायाखालची फरशी, आणि मग आवाज छातीत शिरतो. असं गडगडाट अंगावर घेत उभं राहिलं की आपले सगळे त्रास फार किरकोळ वाटायला लागतात. मला ते आवडतं.

आईची पहिल्या दिवसापासून एकच अट आहे, ढग वर असताना गच्चीवर पाय ठेवायचा नाही. म्हणून आम्ही जिन्याच्या खोलीत, दाराच्या आत उभे राहतो. मी पुठ्ठा सांभाळतो आणि ती बातम्या देते. टाकीच्या डावीकडे एक पडली, मैदानापलीकडे आडवी गेली, ही फुसकी होती. आयुष्यभर कॅमेऱ्याला सवत म्हणणारी बाई आता मला अँगल सांगते.

आता मुळात हे कुठून सुरू झालं ते सांगतो. वर्षभरापासून तुझी आई दुकानात भारी बडबडी झाली होती. कुणी पायरी चढलं की ही काउंटरवरून मोठ्याने म्हणायची, या बेकरीवाले, या मास्तरीणबाई, आज दोघीच कशा आलात? मला वाटायचं, वय झालं, जीभ सैल सुटली. एका संध्याकाळी पासपोर्टच्या फोटोसाठी एक बाई आली, अनोळखी, म्हणून आई काही बोलली नाही. मी तिला स्टुलावर बसवलं आणि नेहमीप्रमाणे सुरू झालो. हनुवटी खाली, खांदे सैल, चेहरा जरा हसरा ठेवा. ती काही हसेना. मी पुन्हा सांगितलं, थोडी थट्टाही केली, अहो, एवढ्या रागावलेल्या बाईला कुठला देश आत घेणार? तेवढ्यात आई उठून आली आणि तिने माझा हात धरला. ती बाई रडत होती, मिचमिचे. माझ्यासमोर चार हातांवर बसून, गालांवरून पाणी वाहत होतं तिच्या, आणि मी तिला हसायला सांगत होतो. तिचा नवरा परदेशात दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता, आणि त्याच्यापर्यंत पोचायला तिला तो फोटो हवा होता.

आईने तिला पाणी दिलं, जवळ बसवलं. मी काय केलं आठवत नाही. तिचा फोटो मात्र दिला, आईने मला आता काढा म्हणून सांगितलं तेव्हा काढलेला. दुकान बंद करून वर आलो. ती इतके दिवस कुणाकुणाला नाव घेऊन या म्हणत होती ते कशासाठी, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. माझ्या आधी तिला कळलं होतं. आभाळ भरून आलं होतं. रिकामं बसवेना म्हणून मी स्टँड उचलला आणि जिन्याच्या खोलीत जाऊन कॅमेरा बाहेरच्या काळोखाकडे लावला. तो विजेचा पहिला फोटो.

मग आईने मला तपासायला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरीण फार चांगल्या आहेत. त्यांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, दोन्हीकडे. इंजेक्शनं चालू आहेत, त्यांनी आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही. कडेचं सगळं दिसतं, दाराची चौकट दिसते, रस्ता दिसतो, तुझ्या आईचा पदर दिसतो. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच दिसत नाही. चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. चाळीस वर्षं ज्याने फक्त चेहरे बघितले त्याचेच चेहरे जावेत, यावर मी डॉक्टरीणबाईंना एक विनोदही करून दाखवला. त्या हसल्या नाहीत. घरी येऊन मी रडलो, हे तुला कुणी सांगणार नाही म्हणून मीच सांगतो.

आता गेल्या आठवड्यातलं. संध्याकाळी असं काही वादळ उठलं की दिवे गेले आणि भर संध्याकाळी मिट्ट काळोख झाला. आम्ही आपापल्या जागी उभे. एवढ्यात आईला आठवलं की गच्चीत चादर वाळत राहिलीय. मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू न देणारी ही बाई, मी नको नको म्हणेपर्यंत तीच बाहेर धावली. शटर उघडंच होतं. आणि त्या क्षणी वीज पडली. चमकणं आणि कडाडणं वेगळं असं काही राहिलंच नाही. खोलीभर पांढरं झालं, हातातला पुठ्ठा गळून पडला, आणि नंतर मला मधलं नाही, कडेचं नाही, काहीच दिसेना. मी हाका मारत होतो. तिच्या कानांना दडे बसले होते, तिला ऐकू येत नव्हतं. मी दाराची चौकट चाचपत तिथेच उभा राहिलो, मिचमिचे, आणि मला वाटलं, संपलं. मग एक ओला हात खांद्यावर पडला आणि तुझी आई म्हणाली, "चादर गेली उडून."

वीज मैदानाकडेच्या निलगिरीवर पडली होती. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सालीचा एक पट्टा सोलून निघालाय, आळीतले तीन टीव्ही गेलेत. आईला काहीही झालेलं नाही. फक्त दोन दिवस ती सगळ्यांशी ओरडून बोलत होती, पण तो फरक फारसा कुणाच्या लक्षात आला नाही.

फोटो मी मोठ्या पडद्यावर, मान वाकडी करून, कडेकडेने तुकडा तुकडा बघितला. मैदानावर वीज उतरलेली आहे, फांदी फांदी मोजता येईल अशी. आणि तिच्या अलीकडे, उजेडाकडे तोंड केलेली, पाठमोरी काळी आकृती. हात वर दोरीला, टाचा उचललेल्या, एका पायातली चप्पल सुटलेली. चेहरा दिसतच नाही. मला नाही आणि ज्यांची नजर धड आहे त्यांनाही नाही.

तो फोटो घेऊन मी रस्ता ओलांडला. होय, समोरच्या झगमग स्टुडिओत गेलो. पाटी कुणाची पुढे यावरून ज्याच्याशी मी वीस वर्षं बोललो नव्हतो, त्याच्याकडे. तो दचकून उभाच राहिला. मी फोटो पुढे केला. त्याने क्षणभर बघितलं आणि म्हणाला, अहो, या तर वहिनी. मी विचारलं, कशावरून? तर म्हणाला, त्यात कशावरून काय, त्याच आहेत. मग मी खुर्ची ओढून बसलो. मी त्याला सगळं सांगितलं, तुला सांगण्याआधी, त्याबद्दल रागावू नकोस. असं काही पहिल्यांदा सांगताना, म्हणजे बोहणीलाच, ज्याने केलेला अपमान पचवता येईल असा माणूस निवडावा. आणि मी त्याला म्हणालो की माझ्या मुलीच्या लग्नाचे फोटो तू काढायचेस. त्याने फोटो जपून काउंटरवर ठेवला. मग म्हणाला, "आणि तुम्ही काय करणार?"

मी म्हणालो, "मी फोटोत उभा राहणार."

तेव्हा पत्राचं कारण हे, बाळा. दिलेलं वचन मला पाळता येत नाही. त्या दिवशी तुझा चेहरा कधी उघडला हे मला कळणार नाही, आणि अंदाजाने बटण दाबून मी तुझं लग्न वाया घालवणार नाही. घरातले अल्बम काढून बघ, एकाही फोटोत मी नाही, मी कायम पलीकडे. या वेळी तुझ्या शेजारी असेन. एवढंच लक्षात ठेव की मला जे बघायचं असतं त्याच्या जरा बाजूला बघावं लागतं, तरच ते दिसतं. तू माझ्याकडे वळशील तेव्हा माझी नजर तुझ्या कानामागे कुठेतरी लागलेली असेल. लोकांना वाटेल, बापाचं लक्ष कुठे आहे. तू घाबरू नकोस, डोळे मिटू नकोस, आणि मला सरळ बघा म्हणून सांगू नकोस. मी तुलाच बघत असेन.

कॅमेऱ्यामागून एकदाचा बाहेर आलेला,
तुझाच
बाबा