समुद्राकडची जागा

७ जून

आले बाई एकदाची! वेक्सफर्ड सोडल्यापासून मेयोत शिरेपर्यंत लख्ख ऊन होतं, त्यामुळे आईनं बळेच दिलेली छत्री मागच्या सीटवर तशीच पडून राहिली. कोलमननं मला उचलून उंबरठ्याच्या आत नेलं. मी त्याच्यापेक्षा चांगली उंच, तेव्हा माझे पाय चौकटीला आपटले आणि आम्ही दोघंही हसत हसत जमिनीवर बसलो. बेचाळिसाव्या वर्षी नवरी झालं की एवढं चालायचंच.

घर मला आवडलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोकळं रान दिसतं, रानाच्या टोकाला गावाचा पवित्र झरा आणि त्यापलीकडे समुद्राची निळी पट्टी. शेजारच्या नोनी म्हातारीनं रूबार्बचा टार्ट आणून ठेवला होता. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "चांगली उंच आहेस गं पोरी. आता वरच्या फळीसाठी स्टूल नको लागायला." स्टूल कुणाला लागायचं ते विचारायची गरज नव्हती. उना, कोलमनची पहिली बायको, चार वर्षांपूर्वी वारली. मी टार्टचे दोन तुकडे खाल्ले आणि कृतज्ञ दिसले.

९ जून

जेवण उरकल्यावर टेबलावर आयर्लंडचा नकाशा पसरला. तीन कोपऱ्यांवर मीठदाणी, मोहरी आणि लोण्याचा डबा, चौथ्यावर कोलमनचा कोपर. तो शाळेची बस चालवतो, म्हणजे जून संपला की थेट ऑगस्टअखेरपर्यंत मोकळा. किनाऱ्याकिनाऱ्यानं अख्ख्या बेटाला वळसा घालायचा, हा आमचा मधुचंद्र. परसात उभ्या असलेल्या जुन्या व्हॅनमध्ये पलंग आहे, शेगडी आहे, खिडक्यांना पडदेसुद्धा आहेत.

मला डिंगलला रेंगाळायचंय, त्याला डोनेगलला. डब्लिनचं नाव काढलं तर म्हणाला, बसवाल्याला सुट्टीत डब्लिनमध्ये गाडी चालवायला लावणं ही शिक्षा झाली, आणि त्यानं काय गुन्हा केलाय? मग बोट फिरवत त्यानं वाट दाखवली. आधी वर स्लायगो आणि डोनेगल, मग अँट्रिमचा किनारा, खाली माझ्या आईकडे वेक्सफर्डला, पुढे कॉर्क, केरी, क्लेअर आणि घर. उजवा हात बेटाकडे ठेवून, सूर्य फिरतो तसं. उत्तरेकडूनच का, असं विचारल्यावर म्हणाला, आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो ना, मग असं फिरलं की डावीकडे बसणाऱ्या बायकोला सगळी वाट समुद्र. मी त्याच्या गालाचा मुका घेतला. कान लाल झाले त्याचे. माझ्यासाठी इतका विचार आजवर कुणी केला नव्हता.

११ जून

कान लाल का झाले ते आज कळलं.

नोनी अंडी घेऊन आली होती. व्हॅनकडे बघून म्हणाली, बरं झालं, बिचाऱ्या उनाचा बेत कुणीतरी पार पाडतंय. बेत तिचा! वाट तिनं आखलेली, पडदे तिनं शिवलेले, समुद्राकडची जागाही तिचीच. त्या उन्हाळ्यात निघायचं ठरलं होतं, आणि निघायच्या आठवडाभर आधी डोक्यातली शीर फुटून ती गेली. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. जिवंत सवत असती तर निदान तोंडावर चार शब्द सुनावता आले असते.

कोलमनला विचारलं तर त्यानं सरळ कबूल केलं. चांगली कल्पना माणूस मेल्यावर वाईट होते का, असं वर मलाच विचारलं. मी सांगून टाकलं की आपण उलटं जायचं. आधी दक्षिणेला क्लेअर, केरी, आणि डोनेगल अगदी शेवटी. तो म्हणाला, अगं, मग समुद्र माझ्या बाजूला येईल आणि तुला सगळी वाट मेंढ्या बघाव्या लागतील. मी म्हटलं, मला मेंढ्या आवडतात. खरं तर मला मेंढ्या अजिबात आवडत नाहीत, पण उनाच्या समुद्रापेक्षा त्या परवडल्या.

१५ जून

आज झऱ्याचा उत्सव होता. इथली रीत अशी की लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांनी या दिवशी जोडीनं झऱ्याभोवती तीन फेऱ्या घालायच्या, सूर्याच्या दिशेनं, झरा उजव्या हाताला ठेवून. आमच्याकडेही विहिरींभोवती असंच फिरतात, मला काही ते नवं नाही. सगळं गाव होतं. कोलमन हात धरून मला नेऊ लागला तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणालं, उनाबरोबर अगदी असाच आला होता.

झालं. माझ्या पायांनी जागच्या जागी संप पुकारला. मी कोलमनला म्हटलं, तिच्याबरोबर असा फिरलास ना, मग माझ्याबरोबर दुसऱ्या बाजूनं फीर. आपला प्रवासही तसाच आहे. त्याचा चेहरा उतरला. असं कुणी करत नाही, डर्वला, म्हणाला. मी त्याचा हात सोडला आणि एकटी निघाले, झरा डाव्या हाताला ठेवून, सगळ्यांच्या समोरून, मान ताठ करून. एकदा, दोनदा, तीनदा. गप्पा थांबल्या. लहान पोरांनासुद्धा आयांनी जवळ ओढून घेतलं. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, जिंकल्यासारखं वाटलं.

१६ जून

व्हॅनमधली डावी सीट कुणीतरी पार पुढे सरकवून ठेवली आहे. बसले तर गुडघे डॅशबोर्डला लागले. बुटक्या बाईलाच जमेल असं बसणं. मी ती मागे ढकलली आणि कोलमनला चार शब्द सुनावले. त्यानं शपथेवर सांगितलं की त्यानं हातही लावलेला नाही.

संध्याकाळी पुन्हा बघितलं. सीट पुढे होती.

१८ जून

नोनीनं आज चहा घ्यायचंही नाकारलं. दारातच उभी राहून बोलली. या गावात शवपेटी आधी झऱ्याभोवती सूर्याच्या दिशेनं फिरवतात आणि मगच दफनभूमीत नेतात. उनाचीही फिरवली होती. "आम्ही माणसाला अशी गाठ मारून पाठवतो, पोरी. तू ती गाठ उलटी फिरून सोडलीस. आणि घरात बायकोची जागा एकच असते. ती येऊन बसली तर उठायचं कुणी, ते तुझं तू बघ."

मी विचारलं, मग आता? ती म्हणाली, जा आणि सरळ फेऱ्या घाल, ती रुळायच्या आत. उनासारख्या? तिच्याच पावलांवर पाऊल टाकून? मी म्हातारीला दार दाखवलं. मेलेल्या बाईला घाबरून मी माझा हट्ट सोडणार नाही.

पण स्वयंपाकघरातली वरची फळी आज रिकामी आहे. सगळे कप खालच्या फळीवर आलेत, बुटक्या हाताला पोचतील असे.

२० जून

कोलमन सकाळपासून शीळ घालतोय. नकाशावर वाट पुन्हा उत्तरेकडून काढलेली. मी विचारलं तर म्हणाला, तूच तर सकाळी हो म्हणालीस, माझ्या मांडीवर बसून.

मी सकाळी अंघोळ करत होते.

कोण बसलं होतं त्याच्या मांडीवर? मला भीती वाटायला हवी होती, पण माझा नुसता जळफळाट झाला. त्याच्या शर्टाला वास येत होता, माझा नाही. लव्हेंडरचा. तो वास घेऊन मी धुण्याच्या टोपलीजवळ बसून रडले आणि मग तोच शर्ट पुन्हा हुंगला.

२१ जून

आईला फोन केला. ती हॅलो हॅलो करत राहिली. मी ओरडून बोलले. कुणीच बोलत नाही, असं बाबांना सांगून तिनं फोन ठेवला.

२३ जून

सेंट जॉनची होळी. टेकडीवर सगळं गाव जमलेलं, आभाळात अजून भरपूर उजेड होता. लोक माझ्या अंगावरून हात लांबवून एकमेकांना निखाऱ्यात भाजलेले बटाटे देत होते. मला कुणी दिला नाही. कोलमन माझ्या उजवीकडे उभा होता. त्याच्या पलीकडे हातभर रिकामी जागा, आणि सगळे त्या जागेकडे बघून बोलत होते. नोनीसुद्धा. "किती दिवसांनी आलीस गं! खाल्लंस का काही?" असं त्या रिकामेपणाला विचारत होती. जिनं मला बजावलं, तीच!

मी तिचा दंड धरला. तिनं शाल घट्ट केली, वारा सुटलाय म्हणाली.

मग कोलमननं कोट काढून त्या जागेवर पांघरला. कोट खाली पडला नाही.

२४ जून

कोट कुणाच्या खांद्यावर होता हे आता दिसू लागलंय. आधी केस. लालसर, कुरळे. मग मान.

सुंदर आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं की ती इतकी सुंदर होती.

२५ जून

हट्ट गेला चुलीत. पहाटे उठून झऱ्यावर गेले. उजवा हात झऱ्याकडे धरला आणि पाऊल टाकलं — झरा डावीकडे. वळले. पुन्हा डावीकडे. थांबले, डोळे मिटले, हातानं दगड चाचपले, उजव्या हातानं, नक्की उजव्या हातानं — डोळे उघडले तर पाणी डावीकडे. दुपारपर्यंत तेच. फिरत राहिले. जितकी फिरले तितकी गाठ सुटत गेली असणार. हे घरी आल्यावर लक्षात आलं.

परतले तेव्हा ते दोघं जेवत होते. दोन ताटं.

२६ जून

मी बशी फोडली. मोठी, निळी. कोलमन दचकला. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला, मांजर असेल म्हणाली. आमच्याकडे मांजर नाही.

तो हसला. माझ्याबरोबर तो असा कधी हसला नव्हता. कधीच नाही. हे सगळ्यात वाईट.

२७ जून

कपाटात माझे कपडे नाहीत. बूट नाहीत. लग्नाच्या फोटोत कोलमनशेजारी लाल केस.

ही वही तेवढी माझी. हातातून खाली ठेवली की दिसेनाशी होईल, म्हणून ठेवत नाही.

तिला मारून टाकायचा विचार केला. मेलेलीला कसं —

२८ जून

त्याच्या कानाशी ओरडले. डर्वला, मी डर्वला, वेक्सफर्डची डर्वला, माझ्या पार्लरमध्ये तुझे केस कापले होते, तू म्हणालास कान जरा सांभाळा — आठव ना रे —

तो कान खाजवत म्हणाला, उना, घरात डास झालेत.

२९ जून

व्हॅन भरतायत. शेगडी, गाद्या, नकाशा. ती गाणं गुणगुणते. तिला जाऊ दे, असं मी देवाला सांगितलं. मग सांगितलं, निदान मला जाऊ दे. मग वाटलं, नको, मी गेले तर तो तिला एकटीलाच —

३० जून

निघालो. हो, मीसुद्धा. मागे, पलंगावर, पडद्याआड. मला सोडून ते दोघं जातील आणि मी त्या रिकाम्या घरात — नाही. त्यापेक्षा हे.

स्लायगो. सूर्याच्या दिशेनं. समुद्र तिच्या बाजूला. कोलमन सांगतोय, बघ, तुला म्हटलं होतं ना, सगळी वाट समुद्र.

तिनं मान वळवली. थेट माझ्याकडे. तिला मी दिसते. फक्त तिलाच. तिच्या डोळ्यांत राग नाही, आणि तेच मला —

हळू बोलली, त्याला ऐकू जाणार नाही असं. "उंबरठ्यावर पाय आपटले होते ना तुझे? मी तिथेच होते. टेबलाशी, पलंगाशी, रोज. तू त्याच्या गालाचा मुका घेतलास तेव्हाही. मला डोळे मिटता येत नव्हते, डर्वला. तुलाही येणार नाहीत."

ती पुढे वळली. त्यानं तिचा हात घेतला. ओठांकडे नेतोय —

मी डोळे मिटले. मिटले आहेत. पापण्या हातानं दाबून धरल्यात, तरी तो, तिचा हात, त्याचे ओठ, सगळं मला दि