सरडगुहिऱ्याचं कपाट

९ ऑक्टोबर ७२, सोमवार
शेजारच्या सखूबाईनं शेळ्यांसाठी बाभळीची फांदी तोडून आणली. तिच्यावर सरडगुहिरा निघाला. हिरवा, वीतभर, शेपटी गुंडाळलेली. तिनं काठी उचलली. मी फांदीच माझ्या ओट्यावर ओढली.
"वैनी, ठेवू नगा. त्याची नजर पडली की मानूस वाळतं."
म्हटलं, माझं काय वाळायचं राहिलंय.
एक डोळा तिच्याकडं, एक माझ्याकडं. डोकं जागेवर.

१० ऑक्टो.
पोपटाचा जुना पिंजरा पुसून घेतला. अर्ध्या तासात हा गजांतून बाहेर, कपड्यांच्या दोरीवर. पळाला नाही. पाऊल उचलतो, हलवतो, ठेवू की नको करतो, मग ठेवतो. दोरीच्या टोकाला पोचेस्तोवर माझी भाकरी करपली.

११
यांचं पुस्तकांचं काचेचं कपाट रिकामं केलं. (यांच्या माघारी याच पुस्तकांवर अक्षरं जुळवायला शिकले.) त्यात ठेवला. चूक. काचेत स्वतःलाच पाहिलं, काळा पडला, फुगला, तोंड वासून फुस्स. दिवसभर भांडत होता. संध्याकाळी काढला. अंग गार. बोटं चिमट्यासारखी, दोन एकीकडं, तीन एकीकडं.

१३
दूध ठेवायचं जाळीचं कपाट. हे गेले त्याला तीन वर्षं, तेव्हापासून दूध घेत नाही, कपाट रिकामंच. लतीफ सुतारांकडून मधल्या फळ्या काढून घेतल्या. आता चढायला वरपर्यंत मोकळं. आत फांद्या आडव्या-तिरक्या, त्याच्या पकडीत मावतील एवढ्याच जाड. कपाट कडुनिंबाखाली, सकाळी ऊन, दुपारी सावली. आत गुळाचा खडा. दार जरा उघडं ठेवलं की माश्या गुळावर येतात, मग लावायचं.
लतीफमियाँ म्हणाले, "भाभी, बंगला भाड्यानं देताय का?"
त्याची जीभ दिसतच नाही. माशी होती. नाही.

१६, सोम.
पाण्याची वाटी तीन दिवस तशीच. डोळे खोल गेलेत. वाचनालयातल्या प्राण्यांच्या पुस्तकात दीड ओळ: झाडावर राहतो, रंग बदलतो, किडे खातो. पितो काय, ते लिहिणाऱ्याला विचारावंसं वाटलं नसावं. तोंड वाटीत बुडवून पाहिलं. काळा झाला फक्त.
शेवटच्या आठवड्यात यांनाही फुलपात्र नको असायचं.

१७
फांद्यांवर धूळ, म्हणून हातानं शिंतोडे मारले. पानाच्या टोकाला थेंब लोंबला. दोन्ही डोळे एकदम थेंबावर, पहिल्यांदाच. चाटला. मग दुसरा. वाटीतलं पाणी त्याला दिसतच नसावं. हलत नाही ते पाणी नाही, त्याच्या लेखी.
हेही कापसाच्या बोळ्यानंच घ्यायचे. थेंब थेंब.

१८
यांची पूजेतली तांब्याची गळती, पिंडीवर टांगायची, ती कपाटावर टांगली. भोकात सुताचा दोरा, म्हणजे पाणी सावकाश ठिबकतं. आधी बराच वेळ हातात धरून उभी होते. देवाचं भांडं. पण
टांगली.
सखूबाई: "मानसांना हंड्यासाठी कोसभर चालायला लागतंय, अन् सरड्याला अभिषेक."
खरं आहे. माझ्याच हंड्यातला एक तांब्या. दुपारचा चहा सोडला. खाली परात ठेवलीय, साचतं ते तुळशीला.

३० ऑक्टो.
दहा दिवस बरे गेले. नाकतोडे, झुरळं. जीभ दोनदा दिसली, अंगाएवढी लांब. परवापासून खात नाही. खाली उतरतो आणि तळाची फळी नखांनी खरवडतो. दिवसभर तोच आवाज. पाणी पितो, म्हणजे तहान नव्हे. आजारी? की सुटायचंय?

१ नोव्हें.
सखूबाई जाळीला नाक लावून बघत राहिली.
"वैनी, आवो पोट बघा की. ह्यो न्हाई, ही हाय. अंडी घालायची हायेत तिला, म्हनून उकरती."
तीन आठवडे मी तो, तो लिहीत आले. वरचं खोडत नाही.
तिला माती पाहिजे होती आणि मी फळी दिली होती.

२
लतीफमियाँ तळ कापायला तयार होईनात. "बिनतळाचं कपाट असतं का भाभी कुठं?" शेवटी कापला. कपाट जमिनीवर टेकवलं. वर जाळी, खाली भुई. पण भुई कसली, दगड. खुरपं उसळतं. परात काढून टाकली, गळतीचं पाणी तिथंच मुरू दिलं. सखूबाई कुदळ घेऊन आली. कपाटाकडं बघून म्हणाली, "माज्याकडं बघू नगं बाई, तुजंच काम करती." कपाट बाजूला सरकवून हातभर खोल माती भुसभुशीत करून दिली, मग कपाट परत त्यावर.

४ नोव्हें., शनि.
सकाळी ती खड्ड्यात, डोकं आत, शेपूट बाहेर. दुपारी वर आली, मागच्या पायांनी माती लोटत लोटत. खड्डा पार बुजवला. मग तिथंच बसली. पोट आत गेलेलं, कातडीला सुरकुत्या, रंग मातीचा. उचलून फांदीवर ठेवली, धरवेना. थेंब नाकावर पडला, चाटला नाही.
सखूबाई म्हणते, बाळंतीण हाय, येळ द्या.
अंडी किती, किती दिवसांनी फुटतात, पुस्तकात नाही. सखूबाईलाही माहीत नाही. ही राहिली तर कपाट हिचं, नाही राहिली तर खाली आहेत त्यांचं. हलवायचं नाही आता. शेळ्यांनी ढकलू नये म्हणून भोवती दगड लावले.
उद्या उठल्यावर आधी चुलीकडं जायचं की कपाटाकडं, ते ठरत नाही.