बिननंबरी गाडीला वाट

१० नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची! धुळ्याहून निघताना आई सारखी म्हणत होती, बोईसर म्हणजे नुसता धूर आणि टँकर. तिला इथली सकाळ दाखवायला हवी. खोली मिळाली आहे चिंचणीच्या बाजूला, रखमाकाकूंच्या चिकूच्या वाडीत. खिडकी उघडली की हाताला फांदी लागते, आणि वारा फिरला की दांडीच्या किनाऱ्याकडून सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येतो. पहिल्यांदा नाक दाबलं. संध्याकाळी त्याच बोंबलांचं कालवण दोनदा वाढून घेतलं.

काकूंची लेक किंजल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. माझ्याच वयाची. येताक्षणी माझी बॅग उचलायला धावली, काकू ओरडल्या, ती हसत सुटली. आम्ही जन्माच्या मैत्रिणी असल्यासारखं तिने मला घरभर फिरवलं.

उद्यापासून नाक्यावर, नव्या सिग्नलच्या कामावर. चार रस्ते येऊन मिळतात तिथे : पूर्वेचा डोंगरातल्या पाड्यांकडून, पश्चिमेचा किनाऱ्याकडून, दक्षिणेचा कारखान्यांकडून, आणि उत्तरेला थोडं पुढे गेलं की हॉस्पिटल. आजवर तिथे रोज कोंडी. आता खांबाखांबावर कॅमेरे आहेत, गर्दी बघून दिवे आपले आपण बदलतील. बस कुठवर आली ते थांब्यावरच्या फलकावर दिसेल. आणि माझं सगळ्यात लाडकं काम म्हणजे अँब्युलन्स. तिच्यात बसवलेलं यंत्र लांबूनच मागणी पाठवतं, आणि ती येईपर्यंत नाका तिची वाट मोकळी करून ठेवतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सगळं सुरू झालं. आमची कामाची खोली नाक्यावरच, पहिल्या मजल्यावर. खिडकीतून चारही रस्ते दिसतात. खिडकीखाली एक पेटी आहे, काही बिघडलंच तर हाताने दिवे फिरवायला. सोबतीला भावेश आहे, इथलाच, बोलका. त्याचं हिंदी, मराठी आणि गुजराती एकाच वाक्यात येतं.

दुपारी किंजल बघायला आली. पायी जाणाऱ्यांसाठी खांबावर बटण लावलं आहे ते तिने दाबलं. टँकर, कंपनीच्या बसगाड्या, रिक्षा, सगळं थांबलं. पोटावर हात ठेवून ती सावकाश पलीकडे गेली, आणि पुन्हा बटण दाबून परत आली. वर येऊन म्हणाली, "अगो, एवढाले टँकर माझ्यासाठी थांबले! आजवर कुणाच्या बापासाठी नाय थांबले कधी."

१९ नोव्हेंबर, बुधवार

एक गंमत झाली. दुपारी पूर्वेच्या रस्त्याची वाट आपोआप मोकळी झाली. पडद्यावर अँब्युलन्सची मागणी होती, पण नंबराची जागा कोरी. खिडकीतून पाहिलं तर रस्ता रिकामा. थोड्या वेळाने मागणी डोंगराच्या वळणाजवळच विझली. भावेश म्हणाला, नवीन माल आहे, दोन दिवस नाटकं करणारच. मी तपासलं. सगळं व्यवस्थित आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रोज येते. तीच दुपारची वेळ, तोच पूर्वेचा रस्ता, तीच कोरी जागा. वळणाजवळ विझत होती, आता पुढच्या पुलाच्या पलीकडे विझते.

नाक्यावर शिरीषाच्या झाडाखाली एक माणूस बसतो. मागणी आली की उभा राहतो. आम्हाला पडद्यावर दिसायच्या आधीच. आज खाली जाऊन त्याच्याशी बोलले. चिंधू नाव त्याचं, डोंगराकडच्या पाड्यावरचा. कोणाची वाट बघता, विचारलं तर सहज म्हणाला, बायकोची.

अँब्युलन्स चालवणारे शैलेशदादा चहाला येतात. त्यांना विचारलं तर त्यांनी कप खाली ठेवला. मग सांगितलं. गेल्या साली चिंधूची बायको ठकी बाळंतपणात अडली होती. दादांनीच तिला पाड्यावरून आणलं. या नाक्यावर येऊन अडकले. पुढे टँकर, मागे टँकर, भोंगा वाजवून वाजवून हात दुखला. हॉस्पिटलची इमारत समोर दिसत होती. ठकी गाडीतच गेली, पोटातलं बाळही गेलं. ती गाडी दादांनी पुन्हा हातात घेतली नाही. ती भंगारात गेली.

मी वर येऊन खिडकीशी बसले.  खरं सांगायचं तर भीतीपेक्षा रडूच जास्त येत होतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पूल ओलांडून अलीकडे आली आज. चिंधूच्या तोंडावर हसू होतं. म्हणाला, "आता तिला वाट मिळते, बाय. रोज थोडी थोडी फुडं येते. तुमी लय चांगलं काम केलाव."

भावेश म्हणतो, कोऱ्या नंबराच्या मागण्या बंद करून टाक, एका मिनिटाचं काम आहे. मला माहीत आहे. नाही केलं. कोणाचं काय बिघडतंय? रस्ता थोडा वेळ थांबतो, एवढंच. वरिष्ठांनाही कळवलं नाही.

आज मात्र काच बंद असताना भोंगा ऐकू आला. लांबून, धापा टाकत आल्यासारखा. भावेशनेही ऐकला. त्याने लगेच मोबाईलवर गाणी लावली.

२ डिसेंबर, मंगळवार

किंजल गेली.

नीट लिहायला हवं. दुपारी तिला कळा सुरू झाल्या, रक्त जायला लागलं. शैलेशदादा तिला घेऊन निघाले. काकू सोबत होत्या. पश्चिमेकडून त्यांची मागणी आली, पूर्ण नंबरासह. आणि त्याच्या जरासं आधी पूर्वेची आली होती. कोरी. जी आधी आली तिला वाट. तसंच बांधलं आहे आम्ही ते.

पूर्वेचा दिवा हिरवा झाला तो बदलेचना. ती आज नाक्यापर्यंत आली होती. भोंगा अगदी खिडकीखाली वाजत होता आणि रस्ता रिकामा होता. पश्चिमेला टँकरांच्या मागे दादांची गाडी, छतावरचा दिवा फिरताना मला दिसत होता. पेटी उघडून हाताने फिरवलं. फिरेना. भावेशने खाली धावत जाऊन टँकर बाजूला घ्यायला लावले, शिव्या घातल्या, पाया पडला. खिडकीतून मला काकू दिसल्या. गाडीतून उतरून रस्त्यावर उभ्या, दोन्ही हात वर, हटा, हटा—

बाळ वाचलं, डॉक्टरांनी पोट चिरून काढलं. मुलगी आहे. किंजलने हॉस्पिटलच्या दारातच प्राण सोडला.

३ डिसेंबर

वाडीत माणसं जमली आहेत. काकूंनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, तू तरी काय करणार पोरी, यंत्र ते.  एका मिनिटाचं काम होतं.

५ डिसेंबर

कोऱ्या मागण्या बंद केल्या. आता त्यांच्यासाठी दिवा हिरवा होणार नाही.

चिंधू वर आला. खोलीत येईना, दारातच बसून राहिला. म्हणाला, "बाय, ती दवाखान्याच्या दारापाशी आली हाय. येकदा आत जाऊ दे. मग नाय येणार." मी किंजलचं सांगितलं. त्याला माहीत होतं. मान खाली घालून रडत होता, पण उठेना.

भोंगा संध्याकाळपर्यंत वाजला.

८ डिसेंबर

आता दोन येतात.

दुसरी पश्चिमेकडून. नंबर कोरा. दादांना फोन केला, त्यांची गाडी हॉस्पिटलच्या अंगणात उभी आहे. मग ही—

दिवे लाल. दोन्हीकडून भोंगे. भावेश सकाळी राजीनामा देऊन गेला.

मधे भोंगा थांबला तेव्हा बायकांचं कण्हणं ऐकू आलं. त्यातलं एक मी ओळखते.

९ डिसेंबर

काकूंना या दुसऱ्या गाडीचं कसं कळलं माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं. बाळ काल घरी आलं. काकू बाळ घेऊन नाक्यावर आल्या, चिंधूच्या शेजारी शिरीषाखाली उभ्या राहिल्या.  दोघं आपापल्या रस्त्याकडे बघतात.

पश्चिमेचा भोंगा वाजायला लागला की बाळ रडायचं थांबतं.

रात्री जेवताना काकू म्हणाल्या, "तेजल, तिने बालाचं तोंड नाय बघितलं गो. तेवढं बघू दे तिला."

१० डिसेंबर, दुपार

ठरवलं. बंदी काढली. दोघींना एकदा पोचू देणार. हॉस्पिटलच्या दारापर्यंत. दादांना विचारलं, आत्ता कुठली गाडी बाहेर नाही ना? नाही म्हणाले.

काकू आणि चिंधू वर आले आहेत. काकूंच्या कुशीत बाळ.

दोन्ही मागण्या आल्या. एकाच वेळी. यंत्र ठरवेना. दिवे नुसते लुकलुकतायत. मला विचारतायत.

मी काकूंकडे बघितलं. त्या चिंधूकडे बघत होत्या. म्हणाल्या, "पयली तिला जाऊ दे. ती कवाची थांबलीय."

पूर्व हिरवी केली.

—गेली. काही दिसलं नाही. रस्त्यावरची धूळ दोन रेघांत उठली, वळली आणि उत्तरेला गेली. भोंगा हॉस्पिटलशी थांबला. एकदम थांबला. इतकी शांतता या नाक्यावर मी कधी ऐकली नव्हती. चिंधू जिना उतरून तिकडे पळाला, अनवाणी.

पूर्वेची मागणी विझली.

आता किंजल. पश्चिम हिरवी. बाकी तिन्ही लाल. येतेय. सावकाश येतेय. बाळाने डोळे उघडले—

फोन. शैलेशदादा. कारखान्याकडे अचानक जावं लागलं. "दक्षिण सोड, ताई! बाई भाजलीय, जिती हाय, लवकर!" पडद्यावर नंबर आहे. पूर्ण. खरा.

किंजल त्या दिवशी टँकर होते तिथवर आली. थोडंच राहिलं. भोंगा—दोन्ही भोंगे—

पश्चिम लाल करायला हवी. आत्ता. पेटीवर हात ठेवला.

काकूंनी माझं मनगट धरलं. एका हातात बाळ, एका हातात माझं मनगट. जोर नाही त्यांना. मी सोडवू शकते. त्या नुसत्या माझ्याकडे

दादा ओरडतायत, तिची शुद्ध हरपतेय

खालून किंजलने हाक मारली. माझ्या नावाने. अगो तेजल, म्हणाली, थोडंसंच

मी हात