वकीलसाहेबांच्या गाडीचा सडका कोपरा

मंगळवार, संध्याकाळ, जालना

वकीलसाहेबांना अक्कल बिलकुल न्हाई. त्यांच्या आजोबांची जुनी विलायती गाडी, मागच्या अंगाला बाहेरून लाकडी चौकट, आणि पोरीची पाठवणी त्यातूनच करायची म्हणे. मागच्या दाराखालचा कोपरा मी टोचून बघितला तर स्क्रू ड्रायव्हर बोटभर आत गेला. पार भुसा. साहेब म्हणतात, "लांबीची पुट्टी भर, वरून पॉलिश मार. रविवारी गाडी चकाकली पाहिजे." अन् माझे मामा, ज्यांच्या दुकानात मी कॉलेज सोडल्यापासून रंधा मारून राह्यलो, ते म्हणाले, "बराबर, साहेब." थू!

सडक्या लाकडात लांबी धरते का कधी? पण स्वतःशी कशाला खोटं लिहू. लाकूड गेलं खड्ड्यात. ती पोरगी म्हणजे वैशाली.

दुपारी मामा जेवायला गेल्ते. मी पटाशी घेतली आणि तो कोपरा थेट चाकाच्या कमानीपर्यंत फोडला. आता नवं सागवान जोडल्याशिवाय इलाज न्हाई. पंधरा दिवस तरी.

मघाशी ती स्वतःच दुकानात आल्ती. आधी कोपरा बघितला, मंग मला.

"मुद्दाम केलंस ना?"

"सडलेलंच होतं."

"येड्या, गाडी न्हाई म्हणून लग्न थांबत असतं का? मी नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसून जाईन."

हसत होती. मला वाटलं होतं, थोडी तरी रडंल.

आणि मी काय बोललो? "त्यांना हेल्मेट घालायला सांग." दोन वर्षं मनात घोकलेलं सगळं सोडून, हे.