घोळाचा केक

रविवार, २ मार्च

प्रेबेन बायको-पोरांना घेऊन जेवायला आला होता. भाजलेलं डुकराचं मांस दोनदा वाढून घेतलं, वर फुशारकी. "परवा बडी गिऱ्हाइकं आलेली आमची डेअरी बघायला. थंड खोलीचं दार जरा उघडं राहिलं की ती घंटा कोकलते. बंदच करायला लावली."

"मग दार उघडं राहिलं तर कळणार कसं?"

"माणसं आहेत की, आई."

नातवंडं हसली. आजीला काय कळतंय!

गुरुवार, ६ मार्च

राहिलं दार उघडं. खोलीभर चीज नासलं.

संध्याकाळी बोडिल आली. प्रेबेनच्या हाताखाली आहे ती, त्या खोलीतून शेवटची तीच निघाली होती. "एल्ना, उद्या घोळाचा केक न्यायचाय. माझा तर दगड होतो. तू करतेस?"

"घंटेचं बोललीस का त्याला?"

"मी कशाला? दार माझ्याकडून राहिलं. केक खातील, हसतील, मिटेल."

केला. वर खोबरं आणि तपकिरी साखर. अंडी अशी फेटली की भांड्याला पोचा पडायचाच बाकी राहिला.

शुक्रवार, ७ मार्च

केक चाटूनपुसून संपला म्हणे. प्रेबेननं दोन तुकडे खाल्ले.

सोमवार, १० मार्च

बोडिलला कामावरून काढलं. कुणी? माझ्या लेकानं!

रीत काय आहे? ज्यानं घोळ घातला त्यानं शुक्रवारी केक आणायचा. सगळ्यांनी खायचा. पुन्हा त्या घोळाचं नाव काढायचं नाही. माझा नवरा बंदरावर कामाला होता, तिथंही हेच. तिचा केक खाऊन वर तिलाच हाकललं — याला काय म्हणायचं? आणि घोळ होता कुणाचा?

फोन केला. म्हणतो, "आई, तुला नाही कळायचं. वरच्यांना दोषी म्हणून कुणीतरी दाखवावं लागतं."

"मग आरसा दाखव."

फोन आपटला त्यानं. चार बुकं मी शिकले नाही, पण दुसऱ्याच्या पदराला हात पुसायला मी त्याला शिकवलं नव्हतं. बोडिलचा नवरा घरी बसून आहे, पाठ कामातून गेलेली. हे प्रेबेनला ठाऊक नाही असं नाही.

शुक्रवार, १४ मार्च

आज मीच केक केला. वर पांढऱ्या साखरेनं मोठं नाव काढलं — प्रेबेन. सायकलच्या टोपलीत घातला आणि गेले डेअरीत. कॅन्टीनच्या टेबलावर मधोमध ठेवला.

कुणी हात लावेना. टँकरवाला ओवे तेवढा पुटपुटला, "या खेपेला घोळ वजनदार दिसतोय."

प्रेबेन आला. नाव वाचलं. मान लाल झाली. "आई, घरी जा."

"कापल्यावर जाते."

मग सुरी उचलली. केककडं बघतच बोलला, "घंटा मी बंद करायला लावली होती. वाजली असती तर चीज वाचलं असतं. बोडिलला मी परत बोलावतो."

सगळ्यांनी खाल्ला. पन्नाशीच्या बाप्याला खरं बोलायला आई लागते!

मंगळवार, १८ मार्च

बोडिल येत नाही. प्रेबेन तिच्या दारात जाऊन आला. ती म्हणाली, "माझा केक खाताना बोलायचं होतंस." शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. पगार कमी. तरी तिथं बरी, म्हणाली.

सांगून प्रेबेन कॉफी न घेताच गेला. जाऊ दे.

शुक्रवार, २१ मार्च

उजाडताच प्रेबेन दारात. एका हातात अंडी, दुसऱ्यात पिठाची पिशवी.

"आई, तो केक शिकव."

"आता कशाला? ती काही यायची नाही."

"तिच्यासाठी नाही. काल आणखी एक घोळ केलाय मी. अजून कुणाला माहीत नाही."

एप्रन त्याच्या अंगावर फेकला.